तीस तारखेला मिल वाढवत आहोत

३ डिसेंबर २०२४, मंगळवार

ही डायरी बेअरिंगच्या दुकानदारानं जानेवारीत दिली होती. अकरा महिने तिच्यावर साबुदाण्याचा डबा बसला होता. आज काढली, कारण आज मला नोकरी लागली. घरच्याच मिलमध्ये, बिनपगारी, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी.

उदगीरला आमची तूरडाळीची मिल आहे. गेली बावीस वर्षं कोइमतूरची एक सांबार मसालेवाली कंपनी महिन्याला दोन ट्रक डाळ आमच्याकडून नेते. मधे लातूरचे एक दलाल होते, सगळी बोलणी तेच करायचे. दिवाळीनंतर ते थकले म्हणून घरी बसले. कंपनीनं कळवलं, आता थेट तुमच्याशीच बोलू, पण जे काही असेल ते ईमेलवर, लेखी. हे दोन ट्रक म्हणजे आमची निम्मी मिल. ते गेले तर डाळ निवडणाऱ्या साखराबाईसकट अकरा बायकांना आठवड्यातले तीन दिवस घरी बसवावं लागेल.

आमचे हे, म्हणजे बसवराज, फोनवरचा माणूस. तीस वर्षं धंदा केला तो एका कानाला फोन लावून आणि दुसऱ्या हातानं डाळ चोळत. मला वाटलं, कंपनीला म्हणतील की मेलबिल आम्हाला जमत नाही, फोन करत जा. झालं उलटंच. लॅपटॉप माझ्यापुढं आणून ठेवला आणि म्हणाले, "तू एम. ए. हायेस. तू लिही. फोन नको, लिहिलेलंच बरं असतंय."

एम. ए. मराठी, नांदेडचं विद्यापीठ, बाहेरून परीक्षा, सेकंड क्लास. लग्नानंतर ह्यांना त्याची आठवण आज पहिल्यांदा झाली. मी वरवर कुरकुर केली, पण आतून बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

५ डिसेंबर, गुरुवार

पहिला मेल पाठवला. माझं इंग्रजी दुकानाच्या पाट्या वाचण्यापुरतं. म्हणून मराठीत लिहायचं, मोबाइलवर त्याचं इंग्रजी करून घ्यायचं आणि ते पाठवायचं, असं अक्षरानं शिकवलंय. अक्षरा माझी मुलगी, नांदेडला खताच्या कंपनीत आहे, दिवसभर हेच करते.

चांगलं दीड पान लिहिलं. सप्रेम नमस्कार, आपली कृपा, यंदाचा पाऊस, तुरीवर आलेली अळी, ती कशी गेली, दलाल मामांची तब्येत. शेवटी, यंदा डाळ चांगली आहे, असंही लिहिलं. तिकडून तासाभरात एक ओळ आली. जानेवारीत किती ट्रक देऊ शकाल ते कृपया कळवावे. खाली नाव, पूंगोडी, खरेदी विभाग.

बाईनं अळीबद्दल चकार शब्द काढला नाही. मला ते लागलं.

८ डिसेंबर, रविवार

अक्षरानं माझा मेल वाचला आणि फोनवर पोट धरून हसली. मग माझी शिकवणी घेतली. म्हणे अव्वा, तिला दिवसाला दीडशे मेल येतात. विषयाच्या ओळीत 'नमस्कार' काय लिहितेस, विषय लिही. पहिल्या वाक्यात काम सांग. एका मेलात एकच काम. तिनं काय करायचं आणि कधीपर्यंत, हे सांग आणि थांब. आणि मोबाइलनं केलेलं इंग्रजी मला दाखवल्याशिवाय पाठवू नकोस.

सगळं पटलं, शेवटचं सोडून. पोटच्या पोरीकडून रोज वही तपासून घ्यायची का मी?

दुसरा मेल चार ओळींचा लिहिला. विषय: जानेवारीचे दोन ट्रक. लगेच उत्तर, धन्यवाद, हेच हवं होतं. मी ह्यांना वाचून दाखवलं. मी बोलत असताना अलीकडे हे माझ्या तोंडाकडं टक लावून बघतात. दसऱ्याला मी नाकात नवी चमकी घातली आहे, तिचा परिणाम असणार. इतक्या वर्षांनी का होईना, लक्ष गेलं म्हणायचं.

११ डिसेंबर, बुधवार

आज येळवसचा मेल. येळवस म्हणजे वेळ अमावस्या, यंदा तीस तारखेला. त्या दिवशी उदगीर-लातूरकडं दुकानात कुत्रंसुद्धा सापडत नाही, सगळी दुनिया शेतात भज्जी-आंबील खायला. त्या दिवशी मिल चालणार नाही, ट्रक भरता येणार नाही, हे कंपनीला आधी कळवायला हवं.

मी लिहिलं: "वेळ अमावस्येनिमित्त ३० तारखेला मिल वाढवत आहोत. कृपया नोंद घ्यावी." दोन वाक्यं. अक्षरानं बघावं, शिकले की नाही.

आमच्यात गादीवर 'बंद' हा शब्द चालत नाही. सासूबाई तर शटर ओढतानासुद्धा कुणी 'बंद कर' म्हटलं की पाण्याचा हात डोळ्यांना लावायच्या. दुकान वाढवायचं असतं, बांगडी वाढवायची असते. धंद्याच्या पहिल्याच महिन्यात मी गिऱ्हाइकाला 'मिल बंद' असं लिहीन का? मोबाइलनं झटक्यात इंग्रजी करून दिलं, दिसायला ऐटबाज होतं, पाठवून टाकलं.

दुपारी मिलमध्ये एलेव्हेटरचा पट्टा करकरायला लागला. साखराबाई आतून धावत आली, मी ऑफिसातून धावले, आणि हे त्याच्या शेजारी उभे राहून डाळ बघत होते. कोइमतूरच्या काळजीत माणूस इतका बुडालाय. मला वाईट वाटलं.

१३ डिसेंबर, शुक्रवार

पूंगोडीबाईंचं उत्तर इतकं गोड, की मी दोनदा मराठी करून वाचलं. आपल्या वाढीबद्दल हार्दिक अभिनंदन. आमच्या साहेबांनाही आनंद झाला. असं असेल तर जानेवारीपासून दोनऐवजी चार ट्रक घेण्याचा विचार आहे, आणि तीस तारखेच्या शुभप्रसंगी आम्ही स्वतः येऊ इच्छितो.

बघा. दहा दिवसांत माझ्या हातानं मिलची वाढ झाली. येळवसला कोइमतूरहून पाहुणे येणार. भज्जीला डाळी जास्त भिजवाव्या लागतील. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "हाव, हाव." चार ट्रक कुठून काढणार म्हणून विचारतील असं वाटलं होतं. ह्यांनी विचारलं नाही, म्हणजे ह्यांच्या डोक्यात काही योजना असणार. मी उत्तर लिहिलं, अवश्य यावे.

१७ डिसेंबर, मंगळवार

आज जेवण गेलं नाही.

फुशारकी मारायला मी सगळे मेल अक्षराला पाठवले. तिचा लगेच फोन. आधी मेल मोठ्यानं वाचला. मग म्हणाली, "अव्वा, तू मिल वाढवतो म्हणून लिहिलीस का?"

"मग काय बंद करतो म्हणून लिहू?"

"इंग्रजीत त्याचं मिल मोठी करतो असं झालंय गं. त्यान्ला वाटून राहिलं, तीस तारखेला नव्या मशीनचं उद्घाटन हाय."

मी खुर्चीत बसूनच होते तरी खाली गेल्यासारखं झालं. नवी मशीन कसली? आमच्या जुन्या मशीनला दोन ट्रक काढताना धाप लागते. ती माणसं येणार, कुलूप लावलेली मिल बघणार, आणि समजणार की ह्या लोकांनी ऑर्डर वाढवून घ्यायला थाप मारली. खोटारडा पुरवठेदार कोण ठेवील? आणि वर मीच त्यांना 'अवश्य यावे' म्हणून बसले.

एम. ए. मराठी. वाढवणे ह्या एका क्रियापदानं माझी वाट लावली.

१८ डिसेंबर, बुधवार

तीन मेल लिहिले आणि खोडले. पहिल्यात सगळा दोष मोबाइलवर ढकलला. तो वाचून माझीच मला लाज वाटली. दुसऱ्यात सात वेळा क्षमा मागितली. तिसरा फार सोपा होता: नवी मशीन यायला उशीर होणार आहे, सबब कार्यक्रम पुढे ढकलला आहे. बोट बटणावर होतं. हा पाठवला असता तर तीस तारीख टळली असती. पण मग जानेवारीतही मशीन नसणार, फेब्रुवारीतही नसणार, आणि दर महिन्याला मला एक नवं खोटं शोधावं लागणार. तेवढी माझी प्रतिभा नाही. खोडला.

१९ डिसेंबर, गुरुवार

ह्यांना सांगायचं ठरवून मिलमध्ये गेले. मशीन चालू होती. जवळ जाऊन सगळं सांगितलं, की मी कंपनीला चुकीचं लिहिलं, त्यांचा मोठा गैरसमज झालाय, गिऱ्हाईक जाईल, आता खरं काय ते लिहून टाकू का. हे माझ्या तोंडाकडं बघत राहिले आणि हसून म्हणाले, "हाव, हाव. लई चांगलं झालं."

चांगलं झालं? बावीस वर्षांचं गिऱ्हाईक जाणार आणि हा माणूस हसतो? मी तशीच परत फिरले. एक तर ह्यांचा माझ्यावर आंधळा विश्वास आहे किंवा ह्यांना कशाचं काही राहिलेलं नाही. गेलं वर्षभर असंच चाललंय. लग्नाकार्याला जात नाहीत, मठात भजनाला जात नाहीत, घरी टीव्ही इतका मोठा लावतात की शेजारच्या कस्तुराबाईंना मालिका फुकट ऐकायला मिळते. म्हातारपणी माणूस हट्टी होतो म्हणतात, ते असं असावं.

२१ डिसेंबर, शनिवार

पाठवला. ह्या वेळी आधी अक्षराला दाखवला. तिनं इंग्रजी ठीक केलं, पण मजकूर एका शब्दानं बदलला नाही. मूळ मराठी इथं उतरवून ठेवते.

"विषय: ११ तारखेच्या मेलमधील माझी चूक, ३० तारखेला मिल चालू नाही.

पूंगोडीबाई,

आमच्या मिलचा विस्तार होत नाही. ३० तारखेला आमच्याकडे शेताचा सण असल्याने मिल एक दिवस चालणार नाही, एवढेच मला सांगायचे होते. आमच्या भाषेत धंदा 'बंद' करणे हा शब्द अशुभ मानतात, म्हणून आम्ही दुकान 'वाढवतो' म्हणतो. भाषांतरात त्याचे 'मोठे करतो' असे झाले. पाठवण्यापूर्वी मी तपासले नाही, ही चूक माझी आहे.

आम्ही महिन्याला दोनच ट्रक देऊ शकतो. ते पूर्वीसारखे वेळेवर देऊ. आपण ३० तारखेची तिकिटे काढली असतील तर कृपया रद्द करावीत. जानेवारीचे दोन ट्रक हवे आहेत का, ते शुक्रवारपर्यंत कळवावे.

गौरम्मा बसवराज"

क्षमा हा शब्द अक्षरानं घालू का म्हणून विचारलं होतं. मी म्हटलं, चूक माझी म्हटलंय, त्यात आलं.

साखराबाईनं विचारलं, "बाई, काय हो, तोंड का असं?" मी ऊन लागलं म्हणून सांगितलं. डिसेंबरात.

२३ डिसेंबर, सोमवार

उत्तर नाही. दिवसातून तीस वेळा उघडून बघते. एक बियाण्यांची जाहिरात आली, तिला मी कोइमतूर समजले.

२६ डिसेंबर, गुरुवार

आलं.

उघडायची हिंमत होईना, म्हणून आधी चहा केला, तो प्याले, मग उघडलं. मराठी करून वाचायचंही सुचलं नाही. इंग्रजीतच दोनचा आकडा, ट्रक आणि 'येस' एवढं दिसलं, आणि मी तिथंच टेबलावर डोकं ठेवून रडले. साखराबाई पाणी घेऊन आली. तिला म्हटलं, बये, दोन ट्रक राहिले, बायकांना सांग. ती काहीच माहीत नसताना हसली, आणि मीही हसले. आठ दिवस छातीवर बसलेलं जातं उतरलं.

मग नीट वाचलं. पूंगोडीबाई लिहितात, त्यांची आईसुद्धा घरातून निघताना 'जाते' कधी म्हणत नाही, 'जाऊन येते' म्हणते. मागे दवाखान्यात भरती व्हायला निघाली तेव्हाही तेच म्हणाली आणि आलीही. तेव्हा तुमचा शब्द मला समजला, साहेबांना मी समजावलं. दोन ट्रक पूर्वीप्रमाणे पाठवावेत. दुसऱ्या पुरवठेदाराला अजून नाही म्हटलं नव्हतं, त्यामुळे आमचं नुकसान नाही. चूक अशी सरळ कळवणारे फार कमी भेटतात.

इथं थांबली असती तर बरं झालं असतं. खाली आणखी एक ओळ आहे. 'आम्ही निष्काळजीपणे हे मान्य केलं नव्हतं. चौदा तारखेला मी स्वतः आपल्या यजमानांना फोन करून हिंदीतून विचारलं होतं, की मिल खरोखर मोठी होत आहे का आणि चार ट्रक मिळतील का. ते दोन्ही वेळा हो म्हणाले.'

चौदा तारखेला. म्हणजे ह्यांना माहीत होतं. हिंदी तर ह्यांना माझ्यापेक्षा चांगली येते. मग हो का म्हणाले?

३० डिसेंबर, सोमवार, येळवस

चार दिवस मी ह्यांच्याशी कामापुरतंच बोलले. ह्यांना ते कळलंसुद्धा नाही, ह्याचा आणखी राग आला.

आज जळकोट रोडच्या शेतात गेलो. अक्षरा नांदेडहून आली होती. कडब्याची कोप म्हणजे खोपी, आत पांडवांची पूजा, भज्जी, उंडे, आंबील, सगळं यथासांग झालं. आंबिलीचा मोगा, म्हणजे छोटं मडकं, घेऊन हे पिकाला फेरी घालायला निघाले. पुढच्यानं हाक द्यायची, मागच्यांनी ओ द्यायची, अशी रीत. अक्षरा आणि मी मागून मोठ्यानं ओ देत होतो. हे दर वेळी थांबून मागं वळून आमच्याकडं बघत आणि मगच पुढची हाक देत.

जेवणं झाल्यावर अक्षरा हरभऱ्यात गेली. कोपीत आम्ही दोघंच होतो, चहूकडं शांत. मी खाली बघून उंड्याचा तुकडा मोडत विचारलं, कंपनीच्या बाईनं फोन केला तेव्हा तुम्ही हो का म्हणाला. उत्तर नाही. परत विचारलं, जरा कडक आवाजात. उत्तर नाही. मग मी मान वर केली आणि तिसऱ्यांदा तोंडावर विचारलं.

ह्यांचा चेहरा एकदम उतरला. "फोनवर," एवढंच म्हणाले, "फोनवर मी सगळ्यान्लाच हो म्हणून राहिलो, गौरा." आणि उठून शेताच्या धुऱ्याकडं चालू लागले. मी मागून दोन हाका मारल्या. वळले नाहीत. इतका कसला ताठा?

२ जानेवारी २०२५, गुरुवार

दोन्ही ट्रक भरून आज निघाले. ते कळवायला मी अकरा वाजता मेल उघडला. आत एक नवा मेल होता. पाठवणारी आमचीच मिल आणि घेणारीही आमचीच मिल. ह्यांना पत्ता एकच माहीत. एका बोटानं, मराठीत. काना-मात्रा जागेवर घालून उतरवते, बाकी एक अक्षर बदललेलं नाही.

"विषय: माझे कान.

गौरा, मला डाव्या कानाने वर्षभर काहीच ऐकू येत नाही. उजव्याने थोडे येते. फोनवर तर काहीच कळत नाही, म्हणून अंदाजाने हो म्हणतो. कोइमतूरच्या बाईलाही तसेच म्हणालो. चूक माझी आहे. समोर बसून सांगायला लाज वाटली. तुला लेखी काम दिले ते ह्याच्यासाठीच. तू फार चांगले लिहितेस, हे मात्र खरे आहे.

सोमवारी लातूरला कानाच्या डॉक्टरकडे येशील का, ते आज कळवावे.

बसवराज"

मी तो तीनदा वाचला. तीस वर्षं माणूस त्या मशीनच्या आवाजात उभा राहिला, आणि मला वाटत होतं हट्टी झालाय. वर्षभर एकटाच घेऊन फिरला. राग आला, भयंकर आला, आणि त्याच्यामागून असं सुटल्यासारखं वाटलं की सांगता येत नाही. तो मला टाळत नव्हता. त्याला माझं काही वाटेनासं झालं नव्हतं. त्याला फक्त ऐकू येत नव्हतं.

उत्तर टाइप करायला घेतलं, मग ठेवून दिलं. हे अंगणात पोत्यावर बसले होते, मोबाइल दोन्ही हातात धरून, नजर त्याच्यावर. मी पुढ्यात जाऊन उकिडवी बसले. ह्यांनी मान वर करेपर्यंत थांबले. मग हळू, एकेक शब्द सुटा करून म्हटलं, "सोमवारी जाऊ. सकाळच्या सातच्या एस.टी.नं. मी संगट हाय."

"हाव," हे म्हणाले.

"हाव न्हाई. मी काय म्हणाले ते सांगा."

हे माझ्याकडं बघत राहिले.

"सोमवार," ते म्हणाले. "सातची गाडी. तू संगट."